शेकाचं मशीन

बाळंत होऊन नववा दिवस उजाडला आणि चंपा नवऱ्याला म्हणाली, "मले कोक ओव्हनच्या भट्टीवर ड्यूटी लावून द्या. तिथं आठ तासांनं सुट्टी तं होते."

हिरालाल मेश्राम दाराच्या चौकटीत उभा होता. ती चौकट ओलांडायची त्याला मनाई होती. आतल्या खोलीची एकुलती एक खिडकी सासूबाई भागीरथाबाईंनी फटींत चिंध्या कोंबून, वरून शेणमाती लिंपून बंद केली होती. छताच्या पंख्याच्या बटणावर फडकं बांधलं होतं, म्हणजे चुकूनही कोणाचा हात जाऊ नये. बाजेखाली गोवऱ्यांची शेगडी धुमसत होती आणि तिच्यावर दर तासाला ओवा नि बाळंतशेपांची चिमूट पडत होती. बाजेवर कान बांधलेली, गोधडीत गुंडाळलेली चंपा आणि तिच्या कुशीत घामोळ्यांनी लाल झालेलं लेकरू. बाहेर मे महिना होता, साल एकसष्ट, आणि भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं.

"मामीले पुन्हा बोलून पाहू का?" हिरालालने विचारलं. सासूबाईंना तो मामी म्हणत असे.

"मागच्या खेपेले बोलले तवा काय झालं?"

मागच्या खेपेला असं झालं होतं की, हिरालालने हिंमत करून सांगितलं, "मामी, डॉक्टरीनबाई म्हनते, बायतिनीले हवा पायजे." भागीरथाबाईंनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "डॉक्टरीनबाईले लेकरं किती?" हिरालाल म्हणाला, "तिचं लग्नच नाई झालं अजून." "मंग?" एवढंच म्हणून भागीरथाबाईंनी अडकित्ता मिटला. नंतर शांतपणे पुढचं सांगितलं, "माह्या हातचं बायतपन पटत नसन तं तसं सांगा, जवाईबापू. लेकीले अन नातवाले घेऊन मी गोंदियाच्या पॅसेंजरनं निघून जाईन. साकोलीले सवा महिना राहू, मंग पानी लागन, रस्ते बंद होतीन. दसऱ्याले तुमी दीक्षाभूमीवर याच. तिथं भेट होईन."

दसऱ्याला म्हणजे पाच महिन्यांनी. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर त्याच्या घरात पाळणा आला होता. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी मोठ्या इस्पितळातच करा म्हणून बजावल्यामुळे चंपा इथेच राहिली आणि माहेरच शेगडीसकट इथे आलं. पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमधली ड्यूटी संपली की हिरालाल सायकल दामटत घरी यायचा, ते चौकटीत उभं राहून दोन मिनिटं लेकराचं तोंड पाहण्यासाठी. ती दोन मिनिटंही गेली तर त्या क्वार्टरमध्ये तो एकटा करणार काय? चारशे चाळीस व्होल्टच्या तारेला हात घालणारा हा इलेक्ट्रिशियन सासूबाईंपुढे मात्र फ्यूज गेल्यासारखा गप्प व्हायचा.

"काहीतरी करतो," तो चंपाला म्हणाला.

"लवकर करा. नाईतं दोघं शिजून तयार हाओ," चंपा म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

त्याच आठवड्यात मिलमधले रशियन तज्ज्ञ गुसेव साहेब दोन महिन्यांच्या रजेवर मायदेशी निघाले. हिरालाल त्यांच्या हाताखाली शिकलेला. साहेबांच्या क्वार्टरमध्ये एक फिरतं थंड हवेचं यंत्र होतं. टीनची कमरेएवढी पेटी, खाली चार चाकं, पुढे जाळी आणि मागे मांडीएवढ्या जाडीचा कॅनव्हासचा पाइप. त्याची मोटर हिरालालने दोनदा दुरुस्त केली होती. साहेबांना हिरालालच्या घरची हकीकत कळली, तेव्हा त्यांनी ती पेटी ढकलत त्याच्यापुढे आणली. साहेबांना दोनेकशे हिंदी शब्द येत होते. त्यातले निम्मे वेल्डर लोकांकडून शिकलेले असल्यामुळे घरी वापरता येत नव्हते. उरलेल्यांत ते म्हणाले, "तुम ले जाओ. बच्चा, मामा, ठंडा. मैं आया, वापस. पाइप खिड़की बाहर. अंदर नहीं. समझा?"

"हराशो," हिरालाल म्हणाला. मामा म्हणजे आई आणि हराशो म्हणजे ठीक, एवढं रशियन त्या काळी भिलाईत पानवाल्यालाही येत होतं.

सायकल रिक्षात चादरीखाली झाकून पेटी घरी आली, तेव्हा सुदैवाने भागीरथाबाई शेजारच्या शकुबाईंकडे शेपा निवडायला गेल्या होत्या. हिरालालने पेटी आतल्या खोलीत ढकलली, जाळीचं तोंड बाजेकडे केलं आणि पाइप हातात घेऊन तो खिडकीसमोर उभा राहिला. खिडकीवर शेणमाती वाळून टणक झाली होती. ती फोडणं म्हणजे गोंदियाच्या पॅसेंजरला हिरवा झेंडा दाखवणं. त्याने जरा विचार केला आणि पाइप दाराच्या पडद्याखालून बाहेरच्या खोलीत सोडून दिला. खिडकीबाहेर नाही तर नाही, खोलीबाहेर तर गेला. मग त्याने बटण दाबलं.

पेटी घरघरली. जाळीतून पहिली गार झुळूक आली, तशी चंपाने गोधडी खाली ढकलली, कानाचं फडकं सोडलं आणि डोळे मिटून घेतले. लेकरू रडता रडता थांबलं. हिरालालला इतका आनंद झाला की आपण आतल्या खोलीत उभे आहोत हेही तो विसरला.

"जवाईबापू, जरा बाहेर या बरं," पडद्यापलीकडून आवाज आला.

भागीरथाबाई आपल्या नेहमीच्या जागी, दाराशेजारी, पोत्यावर येऊन बसल्या होत्या आणि पाइपाचं तोंड नेमकं त्यांच्या पायावर गरम वारा ओकत होतं.

"हे काय हाय?"

हिरालालने पाइपाकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांसमोर गोंदियाची पॅसेंजर शिट्टी देऊन हलली. आयुष्यात कधी धड खोटं न बोललेल्या त्या माणसाच्या तोंडून शब्द आपोआप निघाले, "शेकाचं मशीन हाय, मामी."

"शेकाचं?"

"रशियाचं. बायतिनीसाठी असते तिकडे."

"तिकडच्या बायतिनी मशीननं शेकतेत?"

"तिकडे बरफ किती, मामी. गोवऱ्या कुठून आनतीन?"

"गायी नाई का त्यायच्याकडे?"

"गायी हायेत," हिरालालच्या कपाळावर घाम आला, "पन शेन गोठून जाते."

भागीरथाबाईंनी पाइपात कोपरापर्यंत हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. "धूर?" "नाई." "राख?" "नाई." त्या उठल्या, पाइपाच्या मागोमाग पडदा सारून आत गेल्या, पेटीभोवती एक चक्कर मारून जाळीसमोर थांबल्या. त्यांच्या पदराचं टोक हवेने उडायला लागलं.

"अन इकडून हे काय येते?"

इथे हिरालालला कारखाना उपयोगी पडला. भट्टी म्हटली की लोखंडाबरोबर मळी निघते, वायू निघतो आणि तो नळकांड्यांतून सोडून द्यावा लागतो, हे तो रोज पाहत होता. "ते बेकार थंड हाय, मामी," तो म्हणाला. "मशीन मागून गरम काहाडते ना, तं पुढून थंड फेकून द्या लागते. त्याच्याकडे तुमी लक्षच देऊ नका."

"फेकून देते म्हनता."

"हो."

"हूं," भागीरथाबाई म्हणाल्या. त्यांनी बाजेखालची शेगडी उचलून अंगणात ठेवली, पाइप बाहेरच्या खोलीतून ओढून आणला आणि त्याचं तोंड बरोबर चंपाच्या पाठीखाली, बाजेखाली नेऊन ठेवलं. मग स्वतः पोतं आणून जाळीसमोर अंथरलं नि त्यावर बसल्या. "मशीन नवं हाय. कोनीतरी त्याच्यावर ध्यान द्याले पायजे," त्या म्हणाल्या.

आगीतून फुफाट्यात जाणं म्हणजे काय, हे हिरालालने त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. त्या मशीनचा कायदा असा की, पुढून जितकं थंड तितकंच मागून गरम, वर मोटरची ऊब वेगळी. दोन्ही तोंडं एकाच खोलीत असली तर खोली आधीपेक्षा तापणार. चंपाला खालून वाफ आणि वरून गारवा. "मी अर्धी भाजून राहिली अन अर्धी गोठून राहिली," ती कुजबुजली. "तुमचं शेकाचं मशीन तुमालेच लखलाभ होवो."

मग एक गुपचूप लढाई सुरू झाली. हिरालाल ड्यूटीवरून आला की पाइप बाजेखाली दिसायचा. भागीरथाबाई नळावर गेल्या की तो पाइप ओढून बाहेरच्या खोलीत सोडायचा. त्या परत आल्या की एक शब्द न बोलता पाइप पुन्हा बाजेखाली. तो पुन्हा बाहेर, तो पुन्हा आत. चंपा भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची आणि तिचे खांदे हलायचे. बिचारी रडते आहे, असं वाटून हिरालालचा जीव तुटायचा. तरी चार दिवसांत लेकराच्या घामोळ्या मावळल्या आणि चंपाच्या चेहऱ्यावर तजेला आला. आपण संध्याकाळी जे अर्धा तास पाइप बाहेर काढतो त्याचाच हा गुण, असं हिरालालने ठरवून टाकलं आणि तो आणखी जोमाने पाइप ओढू लागला.

ह्या कोंडीतून वाट काढली ती शकुबाईंच्या गुडघ्यांनी. शकुबाई शेजारच्या क्वार्टरमधल्या. मशीन पाहायला आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, दोन वर्षं झाली, माह्यानं मांडी घालवत नाई. जरासा शेक मलेबी मिळन का?"

"कावून नाई? पन बायतिनीच्या खोलीत बाहेरच्या बाईले शेक नाई देता येत," भागीरथाबाईंनी नियम सांगितला आणि पाइप बाहेरच्या खोलीत आणला. शकुबाईंनी पाच मिनिटं गुडघे शेकले, मग लेकरू पाहायला म्हणून आत गेल्या नि तासाभराने बाहेर आल्या. "लई फरक हाय, मावशी," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चौघी आल्या. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या. कोणाची कंबर, कोणाची मान, कोणाचा खांदा. जिला जन्मात काही दुखलं नव्हतं तिलाही आपल्याला कोपर आहे आणि ते दुखतं, हे आठवलं. कोहका गावाहून दूध घालायला येणारी म्हातारीसुद्धा चरवी उंबऱ्यावर ठेवून पाय पसरून बसली आणि पाचव्या मिनिटाला तिच्या छत्तीसगढीत म्हणाली, "बने लागत हे, दाई," म्हणजे बरं वाटतंय, आई. प्रत्येकीला मोजून पाच मिनिटं शेक आणि मग "जा, लेकराले पाहून ये." लेकरू पाहायला गेलेल्या बायका लवकर बाहेर येत नसत, कारण लेकरूच तसं गोड होतं, असं हिरालालला वाटे.

त्याला काय, सुंठीवाचून खोकला गेला होता. दिवसभर पाइप बाहेर म्हणजे दिवसभर आतली खोली गार. चंपा आता गोधडी स्वतःहून अंगावर घ्यायला लागली. हिरालाल मिलमध्ये डबा खाताना दोघा-तिघा भरवशाच्या माणसांना सांगायचा, "बुढ्या मानसाशी वाद नाई घालाचा. डोकं चालवाचं." आपल्या डोक्याचं त्याला फार कौतुक वाटायला लागलं होतं.

पण मशीन चालणार ते करंटवर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत अखंड चालल्यावर सोळाव्या दिवशी क्वार्टरचा फ्यूज उडाला. हिरालालने तार घातली. ती दुपारी उडाली. मग त्याने हात दाखवून अवलक्षण केलं. मिलमधला कसलेला इलेक्ट्रिशियन तो, त्याने चांगली जाडजूड तार घातली, जी म्हणून उडणार नाही. ती उडाली नाही. तिच्याऐवजी रस्त्याच्या खांबावरचा मोठा फ्यूज उडाला आणि भर दुपारी बारा क्वार्टरांचे पंखे एकदम थांबले.

सर्वांत आधी बाहेर आले ते शकुबाईंचे यजमान केवलराम. कोक ओव्हनवर रातपाळी करून ते दुपारी टेबलफॅनखाली झोपत असत. अंगात बनियन, काखेत उशी, अशा अवताराने ते हिरालालच्या दाराशी आले. "हिरालाल, तुह्या घरी बाया शेकून राहिल्या ते ठीक हाय. पन मी कावून शिजून राहिलो?"

"केवलरामभाऊ, अर्ध्या तासात लाइन चालू करतो."

"रातभर जागून आता कुठं डोया लागला होता. भट्टीवर मी आठ तास उभा राहतो, तिथं एवढा घाम नाई येत," केवलराम म्हणाले आणि तसेच, काखेतल्या उशीसकट, टाउनशिपच्या वीज कचेरीत तक्रार द्यायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी असिस्टंट इंजिनियर ओमप्रकाश साहेब स्वतः चौकशीला आले. हिरालालला त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून तो घरीच होता. परवानगीशिवाय लोड वाढवल्याबद्दल चार्जशीट मिळते, आणि चार्जशीट मिळाली की क्वार्टरसुद्धा जाऊ शकतं, हे त्याला माहीत होतं. साहेब दारात आले तेव्हा बाहेरच्या खोलीत तीन बाया शेक घेत बसल्या होत्या. त्या पदर सावरून लेकरू पाहायला आत पळाल्या.

"यह सब क्या है?" साहेबांनी विचारलं.

उत्तर दिलं ते भागीरथाबाईंनी. "शेकाचं मशीन हाय, बाबू. रशियाचं. बसा ना. कंबर दुखते का तुमची?"

साहेब उभे होते ते एका कुशीवर वाकून. दिवसभर जीपमधून खाचखळग्यांतून फिरणाऱ्या माणसाची कंबर दुखते, हे ओळखायला काही शिक्षण लागत नाही. नाही-नाही म्हणता भागीरथाबाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि पाइपाचं तोंड कमरेला लावलं. साहेबांनी पाच मिनिटं शेक घेतला. मग उठून पाइपाच्या मागोमाग पडद्यापर्यंत गेले, पडदा बोटभर सारून त्यांनी पेटीकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं, पेटीवरची पितळी पट्टी लांबूनच वाचली. साहेब विजेचे इंजिनियर. हे मशीन कसलं आहे, हे त्यांना कळलं नसेल तर ते कोणालाच कळलं नसतं. हिरालालने मान खाली घातली.

"सेंक का मशीन," साहेब सावकाश म्हणाले. "अच्छा." मग ते हिरालालला खांद्याला धरून अंगणात, विझलेल्या शेगडीजवळ घेऊन गेले आणि इकडेतिकडे पाहून हळूच विचारलं, "माताजी मान गईं?"

"जी."

"पूरी तरह? कोई शक नहीं?"

"नहीं, साहब. खुद चलाती हैं."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "मेरे यहाँ चार दिन की बच्ची है. अम्मा गाँव से आई हैं. खटिया के नीचे अँगीठी रख दी है. मैं इंजिनियर हूँ, और मेरी बीवी मुझसे बात नहीं करती."

साहेबांनी बुटाच्या टोकाने ती शेगडी जरा हलवली. मग साहेब जीपमध्ये बसून गेले. दुपारी तीच जीप पुन्हा आली आणि तिच्यातून साहेबांच्या आई उतरल्या. त्या पाच मिनिटं शेकल्या, लेकरू पाहायला आत गेल्या आणि दिवे लागायच्या सुमाराला बाहेर आल्या. दोन्ही म्हाताऱ्या दारापर्यंत हातात हात घालून आल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी कचेरीतून कागद आला. हिरालाल मेश्राम यांच्या क्वार्टरमधलं एक विद्युत यंत्र मंजुरीपेक्षा जास्त लोड घेत असल्यामुळे तपासणीसाठी ताब्यात घेण्यात येत आहे. तपासणी साहेबांच्या देखरेखीखाली होईल. ती पूर्ण झाल्यावर यंत्र मूळ मालकास परत करण्यात येईल. चार्जशीटचा कुठे उल्लेख नव्हता. चार माणसांनी मशीन उचलून जीपच्या मागच्या भागात चढवलं आणि जीप कचेरीच्या उलट्या दिशेला, साहेबांच्या बंगल्याकडे गेली. आयत्या बिळावर नागोबा कसा येऊन बसतो, हे हिरालाल पाहत राहिला. पण नोकरी वाचली होती, क्वार्टर वाचलं होतं. त्याने मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी करून तो घरी आला, तर बाहेरच्या खोलीच्या मध्यभागी भागीरथाबाईंची पत्र्याची पेटी उघडी होती. लुगडी घडी होऊन आत जात होती. वर डिंकाच्या लाडवांचा डबा ठेवला होता, ओव्याची पुरचुंडी ठेवली होती.

मशीन गेलं, शेक गेला, आता सासूबाई शब्दाप्रमाणे वागणार. लेकराचं तोंड एकदम दसऱ्याला. तेव्हा ते रांगत असेल. बापाला ओळखणारसुद्धा नाही. त्याला भडभडून आलं आणि तो दारातच उंबऱ्यावर बसला.

"मामी, त्यायले नेऊ नका," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. ते शेकाचं मशीन नोतं. थंड हवेचं होतं. गरम बाजू बेकार होती, थंड बाजू असली होती. तुमी मले काय बोलाचं ते बोला. शेगडी ठेवा, धुरी द्या, खिडकी लिंपा. पन चंपीले अन लेकराले इथंच राहू द्या. मले त्यायच्याबिगर ह्या घरात गमनार नाई."

भागीरथाबाई लुगड्याची घडी घालत होत्या. ती पुरी करून त्यांनी पेटीत ठेवली. "मले मालूम हाय," त्या म्हणाल्या.

"काय मालूम हाय?"

"थंड हवेचं मशीन होतं ते."

"कधीपासून?"

"तुमी 'बेकार थंड' म्हनलं ना, तवाच. मे महिन्यात थंड कदी बेकार असते का, जवाईबापू?"

हिरालाल उंबऱ्यावरून उठला. "मंग तुमी बोलल्या कावून नाई?"

भागीरथाबाई पेटीच्या कडेवर टेकल्या. त्यांचा आवाज जरा उतरला. "साकोली, लाखनी, कुठं कुठं बायतपनं केली मी. शेगडीबिगर बायतीन निजवली असं कोनी ऐकलं असतं तं माह्या शब्दाले काय वजन राहिलं असतं? अन इथं पोटची पोरगी डोयासमोर शिजून राहिली, लेकरू घामोळ्यानं रडून राहिलं, ते का मले दिसत नोतं? रोज वाटे, शेगडी उचलावी. पन हात होत नोता. तुमी शेकाचं मशीन म्हनलं अन माही सुटका झाली."

"मंग तुमी पाइप बाजेखाली कावून ठेवत होत्या?"

"तुमी घरी असले का ठेवत होती. तुमी ड्यूटीवर गेले का बाहेरच राहे. शेकाचं मशीन तुमीच आनलं ना? तुमच्यासमोर शेक द्याले नको?"

"अन त्या साऱ्या बाया? शकुबाई?"

"त्यायलेबी मालूम होतं. पाच मिनिटं गुडघे शेकाच्या अन आत थंड्यात जाऊन बसाच्या. ह्या उन्हाया‍त कोनाले शेक पायजे होता, बाप्पा? ओमप्रकाश सायबाच्या अम्मानं तं मशीन पायल्याबरोबर माहा हातच धरला. म्हने, बहन, तू चल. मशीन दूसरा कौन चलाएगा? तिलेबी आपली शेगडी उचलाची हाय, पन लेकाच्या सांगन्यावरून उचलली तं आयुष्यभर ऐकून घ्या लागन. मी चालवलं तं सारं रीतीनं होते. म्हनून तं मी तिकडे जाऊन राहिली. सवा महिना होईस्तोवर."

"म्हनजे ही पेटी..."

"माही हाय. एवढ्या उन्हात तान्ह्या लेकराले गाडीत बसवाले मी येडी हाओ का?"

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. भागीरथाबाईंनी पेटीला कुलूप लावलं, आत जाऊन नातवाच्या कपाळाचा मुका घेतला, पंख्याच्या बटणावरचं फडकं सोडलं आणि घडी करून कमरेला खोचलं. "वीस दिवस झाले. हाडं पक्की झाली तिची. आता पंखा चालते," त्या जाता जाता म्हणाल्या. ड्रायव्हरने त्यांना पुढच्या सीटवर बसायला सांगितलं, तेव्हा त्यांनी पदर डोक्यावर नीट घेतला नि एखाद्या मोठ्या तज्ज्ञासारख्या पुढे बसल्या. जीप वळणावर दिसेनाशी होईपर्यंत हिरालाल रस्त्यावर उभा होता.

तो आत आला. पंखा फिरत होता. चंपा बाजेवर उठून बसली होती आणि लेकरू तिच्या मांडीवर जागं होतं. हिरालाल सरळ आत जाऊन बाजेच्या कडेला टेकला आणि त्याने लेकराला आयुष्यात पहिल्यांदा मनाजोगतं जवळ घेतलं. तो फार खूश होता. मग एकाएकी त्याला चंपाचे ते हलणारे खांदे आठवले.

"चंपे," तो म्हणाला, "तुलेबी मालूम होतं का?"

"पहिल्याच दिवशी," चंपा म्हणाली. "मायनं सांगून ठेवलं होतं, जवाईबापूले समजू देऊ नको. बिचारे जलमात पहिल्यांदा एवढ्या मेहनतीनं खोटं बोलले, त्यायचं मन मोडन."